बारा, वारा, मारा: केल्टिक भाषांतल्या पावाबद्दलच्या या चुका टाळा

वेल्समधल्या मोठ्या दुकानांत पावाच्या फळीवर दोन भाषांत पाटी असते. इंग्रजीत ब्रेड आणि वेल्शमध्ये 'बारा'. आता त्याच पावाबद्दल वेल्शमधली चार वाक्यं वाचा. एका वाक्यात तो 'वारा' होतो, दुसऱ्यात 'मारा'. तिन्ही शब्द मराठी कानाला ओळखीचे, म्हणून नवख्याची गंमत होते आणि फजितीही. वेल्शपुरता तिन्हींचा अर्थ एकच, पाव.

नोकरी-शिक्षणासाठी कार्डिफ किंवा डब्लिनला गेलेली आणि हौसेने तिथली भाषा शिकणारी मराठी माणसं पावाच्या शब्दाशी दोन प्रकारे अडखळतात. काही व्याकरणात अडखळतात, काही व्युत्पत्तीत. दोन्हींचं मूळ एकच आहे: शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ठेवलेला फाजील विश्वास. मराठीत तो चालून जातो. वेल्श, आयरिश यांसारख्या केल्टिक भाषांत तो पहिल्याच पायरीवर दगा देतो.

(आणि हो, भाषांबद्दल बोलताना 'केल्टिक' म्हणा. 'सेल्टिक' हा ग्लासगोचा फुटबॉल क्लब.)

'वारा' कोशात शोधू नका

मराठी नाम बदलतं ते शेपटाकडून. पाव, पावाला, पावाचा. सुरुवातीचा 'पा' जागचा हलत नाही, म्हणून आपण शब्दकोश बिनधास्त उघडतो. वेल्श नाम बदलतं तोंडाकडून. आधी कोणता शब्द आला किंवा वाक्यात नाम कुठे बसलं, यावरून त्याचं पहिलं व्यंजन बदलतं. बीने सुरू होणाऱ्या शब्दाला दोन बदल लागू होतात. मृदू बदलात बीचा एफ होतो आणि अनुनासिक बदलात एम.

इथेच पहिला घोळ होतो. वेल्शमध्ये एकट्या एफचा उच्चार 'व' आहे. 'फ' हवा असेल तर दोन एफ लिहितात. त्यामुळे एफ-ए-आर-ए हे 'फारा' वाचू नका, 'वारा' वाचा.

आता मालकी लावून बघा. माझा पाव 'व मारा', तुझा पाव 'द वारा', त्याचा पाव 'ई वारा' आणि तिचा पाव 'ई बारा'. शेवटच्या दोन्हींत 'ई' अगदी सारखाच लिहितात आणि बोलतात. पाव त्याचा की तिचा, हे फक्त पुढच्या व्यंजनावरून कळतं. आपल्याकडे 'त्याचा' आणि 'तिचा' हे शब्दच वेगळे असल्याने पुढच्या नामाकडे लक्ष द्यायची सवय नसते. वेल्शमध्ये ती लावून घ्यावी लागते.

अनोळखी शब्द कोशात सापडत नसेल तर उलटा हिशोब करा. शब्द एफने सुरू होत असेल तर बी लावून बघा, नाही जमलं तर एम. एमने सुरू होत असेल तर आधी तसाच शोधा, मग बी लावा. वेल्श विद्यापीठाचा 'गेइरियादुर प्रिव्हिस्गोल कमरी' हा मोठा ऐतिहासिक शब्दकोश २०१४ पासून इंटरनेटवर फुकट आहे. पण त्यातही मूळ शब्द 'बारा' असाच नोंदलेला आहे.

ऐकला म्हणून सगळीकडे 'वारा' लावू नका

बदल होतो हे कळलं की काहींचा तोल दुसऱ्या बाजूला जातो. सगळीकडेच 'वारा'. तर तीन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

'प्रनाइस ई वारा': मी पाव घेतला.
'द्विन प्रनी बारा': मी पाव घेतोय.
'फ्रनाइस ई दिम बारा': मी पाव घेतला नाही.

पहिल्या वाक्यात क्रियापद स्वतः रूप चालवतं आणि पाव त्याचं थेट कर्म आहे, म्हणून मृदू बदल. दुसऱ्यात 'असणे'चं रूप आणि पुढे क्रियावाचक नाम, त्यामुळे कर्म शांत बसतं. तिसऱ्यात मध्ये नकाराचा 'दिम' आला आणि त्याने पावाला झाकून घेतलं. शिवाय नकारामुळे क्रियापदाच्याच तोंडचा 'प' बदलून 'फ' झाला. एवढ्याशा वाक्यात दोन शब्दांच्या तोंडाकडे बघावं लागतं.

शब्दयोगी अव्ययांचंही तसंच. 'शिवाय'साठीचा 'हेब' मृदू बदल घडवतो, म्हणून पावाशिवाय म्हणजे 'हेब वारा'. 'सोबत'साठीचा 'गदा' पी, टी, सी या तिघांनाच हात लावतो, बीला नाही. म्हणून पावासोबत 'गदा बारा'. याला तर्क शोधत बसू नका, प्रत्येक अव्ययाचा स्वभाव पाठ करायचा.

दुकानात विचारायचं असेल तर दक्षिण वेल्समध्ये 'ऑइस गदा खी वारा?' असं विचारतात, म्हणजे तुमच्याकडे पाव आहे का. इथे 'वारा' का, 'गदा' तर बीला हात लावत नाही ना? बरोबर. पण 'गदा'च्या पुढे 'खी' म्हणजे 'तुम्ही' आहे. 'आहे का' आणि 'पाव' यांच्या मध्ये 'तुमच्याकडे' हा तुकडा घुसला आहे. नेहमीचा क्रम मोडून मध्ये काही घुसलं की पुढचं नाम मऊ होतं. हा नियम वर्गात उशिरा शिकवतात आणि दुकानात मात्र पहिल्या दिवशीच लागतो.

बारा पुल्लिंगी आहे

व्याकरण कच्चं असलेला माणूस सगळ्यात आधी इथे पकडला जातो. वेल्शमध्ये 'तो पाव' म्हणजे 'अ बारा'. 'अ वारा' हे चूक. निश्चित उपपदानंतर, म्हणजे इंग्रजी 'द'सारख्या या 'अ'नंतर, एकवचनी स्त्रीलिंगी नामच मऊ होतं आणि बारा पुल्लिंगी आहे. लादीसाठीचा 'टोर्थ' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ती लादी 'अ डोर्थ'.

पुरावा तुमच्या चहाच्या बशीतच सापडेल. 'बारा ब्रीथ' म्हणजे चहात भिजवलेल्या मनुका-बेदाण्यांचा वेल्श पाव. 'ब्रीथ' म्हणजे ठिपकेदार. या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप वेगळं आहे, 'ब्राइथ', आणि स्त्रीलिंगी नामामागे ते मऊ होऊन 'व्राइथ' होतं. वेल्श बायबलात योसेफचा रंगीबेरंगी झगा 'शाकेड व्राइथ' आहे, कारण 'शाकेड' स्त्रीलिंगी. बारा स्त्रीलिंगी असता तर केकच्या पाकिटावरचं नावही बदललं असतं.

मोजतानाही गडबड होते. दोन पाव हवे असले तरी 'बारा' मोजत नाहीत, लादी मोजतात. दोन लाद्या म्हणजे 'दुइ डोर्थ', आणि पावाची लादी म्हणजे 'टोर्थ ओ वारा'. संख्येनंतर नाम एकवचनीच राहतं. येशूने पाच भाकरी आणि दोन मासे वाटल्याची गोष्ट वेल्शमध्ये 'पिम टोर्थ' अशी येते, 'टोर्थ'चं अनेकवचन तिथे येत नाही. मराठीत आपणही 'पाच किलो' म्हणताना 'किलो' तसाच ठेवतो, त्यामुळे हे तसं जड जाऊ नये.

आयरिशमध्ये खुणा लपवत नाहीत, तुम्ही पुसू नका

आयर्लंडमध्ये पाव म्हणजे 'अरान', स्कॉटिश गेलिकमध्ये 'अरन' आणि आइल ऑफ मॅनच्या मँक्समध्येही 'अरन'. शब्द स्वराने सुरू होतो म्हणून मऊ व्हायला व्यंजन नाही, मग सुटलो असं वाटतं. सुटका नाही. स्वराच्या पुढे अक्षरं येऊन चिकटतात.

माझा पाव 'मरान', तुझा 'दरान'. त्याचा 'अ अरान', तिचा 'अ हरान', त्यांचा 'अ नरान'. 'अ' एकच आणि मालक तीन. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' या प्रार्थनेत आयरिश लोक 'आर नरान लेहूल' म्हणतात. तो 'न' पावाचा नाही, आधीच्या 'आर'ने, म्हणजे 'आमचा'ने, आणलेला आहे. वेल्श प्रार्थनेत त्याच जागी 'आइन बारा बेइनद्योल' असतं, तिथे 'आमचा' काहीच बदल करत नाही.

आयरिश लेखनाचा एक मोठा उपकार म्हणजे मूळ अक्षर तसंच ठेवून बदल त्याच्या शेजारी लिहितात. 'नरान' लिहिताना एन, मग छोटी रेघ, मग मूळ शब्द. लादीसाठी 'बिलीन' हा शब्द घ्या. दोन लाद्या 'घा विलीन', सात लाद्या 'शख्त मिलीन'. उच्चारात बी गायब आहे, पण लिहिताना पहिल्यात बी-एच आणि दुसऱ्यात एम-बी असतं. बी दिसतो, मूळ शब्द हाताशी राहतो. वेल्श मात्र जुनं अक्षर पुसून नवं लिहितं. म्हणून आयरिश वाचायला सोपी आणि ऐकायला अवघड, वेल्शचं नेमकं उलट, असं माझं मत आहे.

दोन नेहमीच्या चुका आणखी सांगतो. 'तो पाव' म्हणजे 'अन तरान', मध्ये 'त' येतो. तो 'त' पाठ झाला की लोक 'पावासोबत' म्हणतानाही घुसडतात. 'लेश अन अरान' हेच बरोबर. शब्दयोगी अव्यय आलं की 'त' जातो. दुसरी चूक षष्ठीची. पावाचा तुकडा म्हणताना 'अरान'चं 'अराइन' होतं, शेवटचा 'न' तालूकडे सरकतो. शिकणारे तोंडाकडे बघून दमलेले असतात, म्हणून शेपटाकडे दुर्लक्ष होतं. खरं तर या एका जागी मराठी माणसाला घरच्यासारखं वाटायला हवं.

ब्रेटनबद्दल एवढंच: ही भाषा असलेल्या फ्रान्सच्या ब्रिटनी भागातही पाव 'बाराच' आहे, 'तुझा पाव' तिथे 'दा वारा', पण 'तुमचा पाव' म्हणताना बीचा चक्क पी होतो, 'हो पारा'. वेल्श येते म्हणून ब्रेटन येईल या भरवशावर राहू नका. 'माझा पाव'सुद्धा तिथे 'मा बारा'च राहतो, 'मारा' होत नाही.

बारा आणि अरान हे एकाच शब्दाचे दोन अवतार नाहीत

आता व्युत्पत्तीकडे. केल्टिक भाषांचे दोन गट आहेत हे कुठेतरी वाचलेलं असतं. वेल्श, कॉर्निश, ब्रेटन एका बाजूला आणि आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स दुसऱ्या. वेल्श 'पेन' म्हणजे डोकं, तेच आयरिश 'क्यान'. एकीकडे प, दुसरीकडे क. हे खरं आहे. पण त्याच जोरावर 'बारा'चा ब गळून 'अरान' झाला असं जुळवलं जातं. तसा कोणताही नियम नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत.

'बारा'चा खरा आयरिश नातेवाईक म्हणजे जुन्या आयरिशमधला 'बार्गेन', पाव किंवा लादी. मध्ययुगीन आयरिश कायद्यात पुरुषाने भाजलेला आणि बाईने भाजलेला 'बार्गेन' असा आकाराचा फरक होता. पुरुषाचा दुप्पट. कोणाला किती जेवण द्यायचं हे त्यावरून ठरायचं. पुढे 'अरान'ने रोजच्या बोलण्यातून त्याला हटवलं. त्याचा धागा उरला तो 'बारीन ब्रॅक'मध्ये, हॅलोवीनला आयर्लंडमध्ये खातात तो मनुकांचा पाव, ज्यात अंगठी लपवलेली असते. इंग्रजीत त्याचं 'बार्मब्रॅक' झालं आणि मग लोक त्यातला 'बार्म' म्हणजे दारूच्या फेसाचं खमीर असं समजावू लागले. ते मागाहून चिकटवलेलं स्पष्टीकरण आहे.

इथे आणखी एक सापळा आहे. वेल्श 'बारा ब्रीथ' आणि आयरिश 'बारीन ब्रॅक', दोन्हींचा अर्थ ठिपकेदार पाव. पहिले शब्द नात्यातले, तेव्हा दुसरेही असणार असं वाटतं. पण आयरिश 'ब्रॅक'ची वेल्श जोडी 'ब्रीख' आहे, आणि वेल्श 'ब्रीथ'ची जोडी जुन्या आयरिशमध्ये 'म्रेख्त' होती. अर्थ जुळला, आवाजही बराचसा जुळला, थेट जोडी मात्र नाही.

बारा-ब्रेड-भाकरी ही साखळी जोडू नका

इंग्रजी 'ब्रेड'शी 'बारा'चं नातं नाही. नातं आहे ते 'बार्ली'शी, म्हणजे सातूशी, आणि लॅटिन 'फार'शी, ज्यावरून पिठाचा 'फारिना' झाला. लॅटिनचा फ आणि केल्टिकचा ब कसा जुळतो, हे आपल्याला संस्कृतमुळे चटकन समजतं. संस्कृत 'भ्राता', लॅटिन 'फ्रातेर', वेल्श 'ब्राउड', आयरिश 'ब्राहिर'. मूळ 'भ' संस्कृतने जपला, लॅटिनने त्याचा फ केला, केल्टिकने ब. ही जोडी एकदा घडत नाही, पुन्हापुन्हा घडते. म्हणून ती पुरावा ठरते.

आणि नेमक्या याच ठिकाणी मराठी माणूस उडी मारतो: संस्कृतकडे भ, तर मग 'भाकरी'! एक अक्षर जुळलं, बाकीच्यांचं काय? 'भाकरी'तला 'क' ना 'बारा'त आहे, ना 'फार'मध्ये. उलट 'फार'च्या जुन्या रूपात 'र'नंतर 'स' होता, त्याचा 'भाकरी'त मागमूस नाही. नुसत्या पहिल्या अक्षरावर नातं लावायचं तर 'बारा' म्हणजे डझनही पावाचाच म्हणावा लागेल.

पावाचा खरा लॅटिन वंशज आपल्याकडेच आहे. लॅटिन 'पानिस', पोर्तुगीज 'पाँव', आणि गोव्यामार्गे आपला 'पाव'. वेल्श लोकांवर रोमन राज्य तीनशेहून जास्त वर्षं होतं. त्यांनी चीजसाठीचा 'काउस' आणि दुधासाठीचा 'ल्हाइथ' लॅटिनमधून घेतला. पावाचा शब्द मात्र स्वतःचाच ठेवला, आणि लोण्याचा 'अमेनिन'ही. 'बारा मेनिन' म्हणजे पाव-लोणी, आणि बोलण्यात पोटापाण्याचा उद्योग.

गोष्ट चांगली आहे म्हणून खरी धरू नका

फ्रेंचमध्ये न कळणाऱ्या बडबडीला 'बारागवँ' म्हणतात. शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरपासून सापडतो. त्याची गोष्ट अशी सांगतात की ब्रेटन माणूस फ्रेंच खानावळीत शिरायचा आणि 'बारा', 'ग्विन' म्हणजे पाव, वाइन एवढंच मागायचा. फ्रेंचांना बाकी काही कळायचं नाही, म्हणून ते बडबडीला तेच नाव देऊ लागले. छान आहे, शक्यही आहे. पण कोशकारांचं एकमत नाही. 'बारा ग्वेन' म्हणजे पांढरा पाव असंही कोणी सुचवतं. त्याला निदान मधला 'आणि' कुठे गेला हे सांगावं लागत नाही. तुम्ही सांगताना 'असं म्हणतात' एवढं जोडा म्हणजे झालं.

अशा जुळवाजुळवीची परंपरा जुनी आहे. दक्षिण आयर्लंडमधल्या मन्स्टरचा राजा-बिशप कॉर्मॅक, मृत्यू ९०८, याच्या नावावर आयरिश शब्दांचा एक कोश आहे. त्यात साध्यासुध्या शब्दांची मुळं बिनदिक्कत लॅटिन, ग्रीक आणि हिब्रूत शोधलेली आहेत. त्याचं इंग्रजी भाषांतर १८६८ साली छापलं गेलं ते कलकत्त्यात. संपादक व्हिटली स्टोक्स, डब्लिनचा माणूस. पुढे तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदे सदस्य झाला. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला, आणि तो आजही आपल्या खरेदीखतांना लागू आहे. दिवसा भारताचे कायदे आणि फावल्या वेळात जुनी आयरिश. कॉर्मॅकच्या व्युत्पत्त्या आज कोणी खऱ्या धरत नाही, पण जुने शब्द टिकले ते अशा कोशांमुळे.

अरान बेटं पावाची नाहीत

गॉलवेच्या उपसागरातली अरान बेटं, तिथले ते जाड विणीचे स्वेटर, यांचा पावाशी संबंध नाही. पावाच्या 'अरान'मध्ये दीर्घतेची तिरकी रेघ दुसऱ्या 'ए'वर असते. बेटांच्या आयरिश नावात ती पहिल्या 'ए'वर असते आणि शेवटी दोन 'एन' येतात. इंग्रजीत लिहिताना रेघ उडते आणि गोंधळ होतो. स्कॉटलंडचं अॅरन बेट वेगळं, वेल्समधला ९०५ मीटर उंचीचा अरान व्हाउद्वी डोंगर आणखी वेगळा. आयरिश लिहिताना ती रेघ गाळू नका, एवढाच यावर उपाय.

'बारा' लिहिलंय म्हणून पावच येईल असं नाही

स्वान्सीच्या बाजारात 'बारा लाउर' मिळतं. मोबाइलच्या भाषांतरात याचं काहीही होऊ शकतं, कारण 'लाउर' हा उच्चार वेल्शमध्ये 'खाली' या अर्थीही येतो. प्रत्यक्षात तो समुद्री शेवाळाचा काळपट-हिरवा लगदा आहे. किनाऱ्यावरचं शेवाळ धुऊन, तासन्‌तास उकळून करतात, त्यात ओटचं पीठ मिसळून टिक्क्या तळतात. पीठ असो नसो, नाव 'बारा'. उलट 'बारा केइर्ख' खरोखर ओटच्या पिठाचा, पातळ, तव्यावर भाजलेला. त्याला भाकरी म्हटलं तर चालेल, व्युत्पत्ती न जोडता.

शाकाहारी असाल तर 'बारा लाउर' मागवताना नीट विचारा. शेवाळ चालेल, पण न्याहारीत ते बहुधा बेकनच्या चरबीत परततात आणि शेजारी शिंपल्यांतले प्राणी वाढतात. वेल्शमध्ये मांस म्हणजे 'कीग'. पण 'हेब कीग' म्हणू नका. 'हेब' मृदू बदल घडवतो ते वर पाहिलंच, त्यात 'क'चा 'ग' होतो, म्हणून 'हेब गीग'.